ओटी मोजत नाहीत

शुभे, तुझ्या फोटोला सगळ्यांत मोठा हार कोणी घातला माहीत आहे? विलासशेठने. निशिगंध आणि गुलाबाचा, एवढा जाड की फोटोत तुझी हनुवटी दिसेना. ड्रायव्हरने तो दोन्ही हातांवर आडवा धरून आणला आणि शेठने फक्त टोकं धरून घातला. मी पहिल्या रांगेत बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, घाल बाबा घाल, आज मी तुला सोडत नाही.

तुला हे आवडलं नसतं. तुझं आपलं नेहमीचं, 'मैदानातला राग मैदानात ठेव गं वैजू.' चाळीस वर्षं ऐकलं ते. पण मैदानातून आधी तू उठून गेलीस. आता रागाचं काय करायचं ते माझं मी बघेन, आणि तुला ऐकून घ्यावं लागेल. मध्ये बोलायची तुझी खोड होती, तीही आता चालणार नाही.

माझ्या घाटकोपरच्या स्वयंपाकघरात आपण लीगचे नियम लिहायला बसलो तो दिवस आठव. सहा उपनगरांचे सहा संघ, सहा मालक, आणि फक्त बायकांची कबड्डी. मी बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली, म्हणून कार्यवाह. तू मानखुर्दच्या पोरींना आधीपासून शिकवत होतीस, म्हणून त्या संघाची प्रशिक्षक. आपल्या वेळी स्पर्धा जिंकली की पुरुषांना पाकीट आणि आपल्याला स्टीलचा डबा मिळायचा. माझ्या माळ्यावर अजून ते डबे पडलेत, एकाचंही झाकण धड लागत नाही. आता पोरींना खेळायचे पैसे मिळणार होते, आणि त्या आनंदात तू माझा अख्खा डबा शेवेचा संपवलास.

पहिला नियम लिहिला तो मानधनाच्या मर्यादेचा. प्रत्येक संघाने आपल्या सगळ्या खेळाडूंवर मिळून ठरलेली रक्कम खर्च करायची, वर एक रुपया नाही. अंधेरीचा मालक कुरकुरला, 'माझ्याकडे आहेत तर मी का नको खर्च करू?' तू त्याला काय म्हणालीस ते मी अजून लोकांना सांगते. 'साहेब, दोन्हीकडे सात-सातच का उभे करतात? तुमच्याकडे माणसं जास्त आहेत म्हणून तुम्ही अकरा उभ्या केल्यात तर ती कबड्डी नाही, मारामारी.' त्याने कुरकुरतच सही केली. मला इतका अभिमान वाटला तुझा की मी त्या दिवशी चहात साखर दोनदा घातली.

लिलाव हा शब्द तुला खपत नव्हता. 'बायकांचा लिलाव काय गं? निवड म्हण.' बरं, निवड. आणि निवडीतही जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे मुलगी आपोआप जाणार नाही. ज्यांनी ज्यांनी बोली लावली त्यांतून ती स्वतः संघ निवडणार, कमी पैशांचा निवडला तरी तिची मर्जी. 'शेळी आहे का ती, दोरी ज्याच्या हातात त्याच्या मागे जायला?' हेही पटलं मला. नियम बदलायचा तर सहाही मालकांची सही हवी, हेही तुझंच. तेही लिहिलं.

मग तू म्हणालीस, अजून एक ओळ घाल. मालकाच्या घरून खेळाडूला मिळालेली ओटी, वाण किंवा सत्काराची भेट मानधनात धरू नये.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "हे कशाला? उद्या कोणी ओटीत सोन्याची बांगडी घातली तर?"

"उद्याचं उद्या. काय असतं ओटीत? नारळ, खण, मूठभर तांदूळ. तेवढ्याची पण वही ठेवणार तू? बँकेतून बाहेर ये गं बाई."

"सगळं धरायचं, नाहीतर काहीच नाही."

"ओटी मोजत नाहीत, वैजू. मोजली की ती मजुरी होते."

मी ती ओळ लिहिली. माझ्याच अक्षरात आहे ती. त्याचा राग मला तुझ्यापेक्षा स्वतःवर जास्त आहे, पण तू समोर नाहीस आणि मी रोज आरशात असते, म्हणून सध्या तुझ्यावर काढते.

ती ओळ तुला का हवी होती ते मला ठाऊक होतं. म्हणून तर नाही म्हणता आलं नाही. एकतिसाव्या वर्षी तुझा नवरा गेला आणि चार महिन्यांनी तू परत मैदानात उभी राहिलीस. तेव्हा स्पर्धेच्या उद्घाटनाला संयोजकांच्या घरच्या बायका हळदीकुंकवाचं तबक घेऊन यायच्या आणि संघातल्या एकेकीची ओटी भरायच्या. तू कर्णधार, रांगेत पहिली. पण तबक येताना दिसलं की तुला नेमकी पाण्याची बाटली भरायची आठवण व्हायची. दरवेळी. बाकीच्यांना वाटायचं शुभांगीला तहान फार लागते. मी तुझ्या शेजारी उभी असायचे, मला कळायचं, आणि मी कधी एका शब्दाने बोलले नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी? एकदा एका बाईने तुला रांगेतच गाठलं, कपाळाकडे बघितलं, आणि नारळ तुझ्या हातात न देता माझ्या हातात दिला. 'त्यांना द्या,' म्हणाली. तू तो नारळ घरी नेऊन सोलकढी केलीस आणि मला पाजलीस. फक्कड झालीये, असं दोनदा म्हणालीस.

म्हणून लीगच्या पहिल्या वर्षी बोरिवलीच्या मैदानावर जे झालं ते मीही विसरणार नाही. विलासशेठ बोरिवलीचा मालक, टाइल्सची तीन शोरूम. त्याची बायको मीनलवहिनी तबक घेऊन आली. तू बाटली उचललीस आणि वळलीस. तेवढ्यात ती बाई भरभर तुझ्या मागे आली आणि म्हणाली, 'शुभांगीताई, तुम्ही आधी.' कुंकू लावलं. तुझ्याकडे पदर कुठला, अंगात ट्रॅकसूट. तू जॅकेटची चेन उघडून दोन्ही टोकं पुढे धरलीस आणि तिने त्यात नारळ, खण, तांदूळ, सुपारी सगळं नीट घातलं. सगळ्या मैदानासमोर. तुझी मान खाली होती. तांदूळ चेनमधून सांडत होते आणि तू एकेक वेचत होतीस.

त्या दिवसापासून त्या घराविरुद्ध तुला एक शब्द ऐकवेना.

पहिलं वर्ष झकास गेलं, हे कबूल. मानखुर्दच्या तुझ्या पोरी उपांत्य सामन्यात एका गुणाने हरल्या आणि लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडले. कुठला संघ जिंकेल ते शेवटच्या चढाईपर्यंत कळायचं नाही. मर्यादेचा नियम कशासाठी असतो, ते मी भाषण करून सांगितलं नसतं तरी चाललं असतं. भेळवाल्यालाही ते कळलं होतं.

दुसऱ्या वर्षी निवडीच्या आधी संक्रांत आली. विलासशेठने घरी हळदीकुंकू ठेवलं आणि सगळ्या संघांच्या चांगल्या चांगल्या पोरींना बोलावलं. वाण म्हणून एकीला स्कूटर. एकीच्या भावाला शोरूममध्ये नोकरी. आणि तुझ्या संघातल्या रेश्माच्या घरात फरशी. मानखुर्दच्या त्या एका खोलीला उखडलेला कोबा होता, तिच्या आईचे गुडघे गेलेले, दोनदा पडली होती ती बाई त्यावर. शेठची माणसं आली आणि दोन दिवसांत खोली, मोरी, ओटा, सगळीकडे टाइल्स लावून गेली. ओटीत नारळ आणि खण होताच. फरशी वरून.

निवडीत कादरभाईंनी रेश्मासाठी आपल्या रकमेतला जवळजवळ अर्धा हिस्सा लावला. कादरभाई म्हणजे तुझ्या संघाचे मालक, शाळेचे गणवेश शिवणारे, पायाने मशिन चालवून मोठे झालेले. शेठने लावली सगळ्यांत कमी बोली. रेश्माने खाली बघून सांगितलं, 'बोरिवली.' दोन्ही नियम तुझे होते, शुभे. मुलीने स्वतः निवडायचं आणि ओटी मोजायची नाही. दोन्ही मायेने लिहिलेले. त्या दोन्हींना धरून तो माणूस पाच उत्तम खेळाडू घेऊन गेला, आणि मानधनाच्या मर्यादेत त्याचे पैसे उरले.

रेश्मावर माझा राग नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आईच्या गुडघ्यांकडे बघितलं असतं. माझा राग एकाच माणसावर होता. आणि तुझ्यावर.

मग बोरिवलीने सलग तीन वर्षं चषक नेला. तुझ्या पोरींवर लोणामागून लोण, म्हणजे अख्खा संघ पुन्हा पुन्हा बाद. लोक मध्यंतराला उठून जायला लागले. बोरिवलीचा सामना असला की भेळवाला गाडीच लावायचा नाही. म्हणायचा, 'ताई, पाच मिन्टात कळतं कोण जिंकणार, मग भेळ कोण खाणार?' शेठला वाईट वाटत नव्हतं असं नाही. तो म्हणायचा, बाकीच्यांनी मेहनत करायला पाहिजे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

गेल्या दिवाळीनंतर कादरभाई माझ्याकडे आले. खुर्चीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"वैजूताई, अगले साल से मी नाही. संघ बंद."

"हरता म्हणून?"

"हरायला नाही घाबरत मी. पन पोरी मैदानात उतरायच्या आधीच हारलेल्या असतात ना. ते बघवत नाही मला. बारा पोरी आहेत. त्यांना दुसरा कोन घेणार?"

कोणी घेणार नव्हतं. तुलाही माहीत होतं ते. त्या बारा जणींतल्या नऊ जणी तू गल्लीतून, नळावरून, एकीला तर लग्नाच्या बोलणीतून उचलून आणल्या होत्यास. संघ बंद झाला असता तर त्या परत नळावर गेल्या असत्या. मी तुला मैदानात गाठलं आणि म्हटलं, ती ओळ काढू या. तू नियमाची मायबाप, तू मांड, बाकीचे चार मालक सही करतील, शेठलाही लाजेखातर करावी लागेल.

"तो नियम मोडत नाही, वैजू."

"मोडत नाही म्हणूनच तर म्हणते!"

"त्याला बोल काय बोलायचं ते. ओळीला हात लावू नकोस. उद्या कोणी बाई एखादीची ओटी भरायला गेली की तू पावती मागणार?"

"तुझ्या पोरी रस्त्यावर येतील."

"मी बघते त्यांचं. मी शेठशी बोलते."

"काय बोलणार तू? तुला त्या बाईने एका नारळात विकत घेतलंय."

हे मी बोलले. पोरी ऐकत होत्या. तू शिट्टी गळ्यातून काढलीस, माझ्या हातात दिलीस आणि निघून गेलीस. दोन महिने बोलली नाहीस. मीही फोन केला नाही. माफी मागायचं रोज ठरवायचे आणि रोज नव्याने राग यायचा, की हिला दिसत कसं नाही? शेठशी तू खरंच बोललीस, हे मला नंतर कळलं. त्याने तुला चहा पाजला, तुझ्या पोरींना नवीन बूट देतो म्हणाला, आणि तू बूट नको म्हणून परत आलीस. ते तू मला सांगायला हवं होतंस. मग मी आले असते, पाया पडत आले असते.

आता मला सारखं तेच आठवतं की आपण दोघी खेळायचो तेव्हा तू डाव्या कोपऱ्यात आणि मी उजव्या. चढाईला आलेली पोर तुझ्याकडे वळली की मी मागून साखळी बांधायचे. एकमेकींचा हात न बघता हातात. कोणाचं बोट कधी मोडलं याचा हिशोब नव्हता. माझ्या वडिलांनी, गिरणी बंद पडून घरी बसलेल्या त्या रागीट माणसाने, हाफपँट घालून खेळायचं नाही असं बजावलं तेव्हा तू घरी आलीस, त्यांच्यासमोर मांडी घालून बसलीस आणि मालवणीत म्हणालीस, 'काकानू, चेडवाक खेळांदेत. ता मैदानात पळतला, घरातसून नाय.' ते हसले. माझे वडील त्या वर्षात पहिल्यांदा हसले. नोकरी, पेन्शन, हे घर, सगळं मला त्या खेळाने दिलं, आणि खेळ मला तू दिलास. हे कधी बोलले का मी तुला? नाही. तू संपवलेली शेव मात्र प्रत्येक वेळी बोलून दाखवली.

तुझ्या किडन्या गेल्याचं पोरींनी सांगितलं. मुलुंडच्या हॉस्पिटलात मी आले तेव्हा तू डायलिसिसवरून परत आणलेली. इतकी बारीक झाली होतीस की मी आधी शेजारच्या खाटेकडे गेले. दोन महिन्यांनी भेटत होतो आणि माझ्या पिशवीत काय होतं? तो कागद. ओळ काढण्याचा प्रस्ताव, खाली तुझ्या सहीची जागा. मी कागद काढला. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली. तू चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केलास आणि ओळखलंस.

"राहू दे गं ती ओळ."

"शुभे, कादरभाई..."

"राहू दे." मग म्हणालीस, "पोरींनी आज साखळीचा सराव केला?"

"केला."

"हात न बघता?"

"हो."

"बरं," म्हणालीस आणि डोळे मिटलेस. मी कागद पिशवीत घातला. परवा येते म्हटलं. परवाच्या आत तू गेलीस. म्हणजे शेवटचं तू मला काय सांगितलंस त्यात काही संशय नाही. राहू दे. दोनदा.

दहाव्या दिवशी शोकसभा झाली, रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. सहाही मालक आले होते. तुझ्या पोरी मागे जमिनीवर बसल्या होत्या, रेश्मासुद्धा, बोरिवलीचा टी-शर्ट उलटा घालून, नाव दिसू नये म्हणून. शेठचा हार तुला सांगितलाच. मग तो बोलायला उभा राहिला. शुभांगीताई म्हणजे लीगचा आत्मा, शुभांगीताई म्हणजे माउली. एक मोठा चषक आणला होता त्याने, कापडाखाली झाकून, तुझ्या नावाचा फिरता चषक. तोच जिंकणार होता तो, दरवर्षी. तुझं नाव स्वतःच्या शोरूममध्ये ठेवणार होता.

आणि मग, शुभे, देवाने त्याला बुद्धी दिली. माझ्याकडे वळून म्हणाला, "वैजूताई, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात. ताईंची शेवटची इच्छा काय होती ते सांगा. सगळ्यांसमोर शब्द देतो, हा विलास ती पूर्ण करणार. काहीही असो."

मी उठले. गुडघा वाजला, मागे ऐकू गेला असेल. मी म्हटलं, "तिची एकच इच्छा होती. नियमातली ओटीची ओळ काढून टाकायची. मालकाच्या घरून येईल ते सगळं मानधनात धरायचं. मला म्हणाली, वैजू, ती ओळ माझी चूक होती."

असं मी बोलले. तुझा फोटो पाठीमागे होता, वळून बघितलं नाही. 'चूक' हा शब्द मी वर लावला, तो आधी ठरवलेला नव्हता. तो आपसूक आला आणि खोटं सांगत नाही, बोलताना मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षांत एकदा तरी तू म्हणायला हवं होतंस, वैजू, माझं चुकलं. नाही म्हणालीस ना? मग मी वदवून घेतलं.

शेठचं तोंड बघण्यासारखं झालं. टाळ्या आधी कादरभाईंनी वाजवल्या, मग पोरींनी. शोकसभेत टाळ्या वाजवतात का कधी? वाजल्या. बाकीचे चार मालक तिथेच उठले, प्रस्ताव माझ्या पिशवीत होताच, तोच कागद. तुझ्या सहीच्या जागी मी 'दिवंगत' लिहिलं. शेठने सगळ्यांत शेवटी सही केली. पेन माझं होतं, ते परत देताना म्हणाला, "ताई खरंच असं बोलल्या?"

"मेलेल्या माणसाच्या तोंडी कोण खोटं घालेल, शेठ?"

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो अव्वल पकडीचाही कधी झाला नव्हता. तीन वर्षं तो आपल्याच नियमाने आपल्याला बडवत होता. आता तुझ्याच नावाने मी त्याचा घोटा धरून पाडला होता. मी चहाच्या टेबलाकडे गेले आणि दोन बटाटेवडे खाल्ले. मनात म्हटलं, बघ शुभे, राग मैदानात ठेवला असता तर तिथेच सडला असता.

तिथे मीनलवहिनी आली. हातात चहाचा कप, प्यायलेला नाही. बायका असतात तशा आजूबाजूला होत्या, म्हणून हळू बोलली.

"वैजूताई, चूक म्हणाल्या ताई?"

मी तोंडातला वडा गिळला.

"म्हणजे मी भरलेली ओटी त्यांना नको होती का? मला वाटलं होतं... माझी सासू तेव्हा भांडली होती माझ्याशी, शुभांगीताईंची ओटी का भरलीस म्हणून. मी म्हटलं होतं, ती माझी ताई आहे. मला ह्यांच्या त्या स्कूटर-बिटर काही माहीत नव्हतं हो. मी नारळ आणि खण दिला होता. तो पण त्यांना..."

माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता, आणि मी त्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो. असंच म्हणाली."

दुसरं काय बोलू शकत होते मी? नाही म्हटलं असतं तर ती घरी जाऊन नवऱ्याला सांगणार, आणि सही संध्याकाळपर्यंत मागे. मी म्हटलं, आणि ती कप तसाच टेबलावर ठेवून गेली.

निवड गेल्या रविवारी झाली. शेठला पाचांतल्या दोनच ठेवता आल्या, यंदाचं वाण आणि भावाच्या नोकरीचा पगार धरल्यावर रक्कम तिथेच संपली. रेश्मावर कादरभाईंनी बोली लावली, घाटकोपरने त्याहून जास्त लावली. रेश्मा म्हणाली, 'मानखुर्द.' आता मोठ्याने म्हणाली, मान वर करून. कादरभाई रडले, माणूस चांगला आहे पण रडतो फार. संघ चालू आहे, शुभे. बारा जणी होत्या, आता तेरा आहेत. सरावाला मी जाते. साखळी हात न बघताच बांधायला लावते.

निवडीआधी हळदीकुंकू करायची आपली रीत होती. मीनलवहिनी आली होती, तबकही आणलं होतं. पोरी रांगेत उभ्या राहिल्या. ती दोन पावलं पुढे आली, थांबली, आणि तबक बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. कोणीतरी विचारलं, काय झालं? म्हणाली, "नको. उगाच मोजावं लागेल." नाराजीने नाही, साधंच म्हणाली. मग जाऊन गाडीत बसली. पोरींना काही कळलं नाही, त्या निवडीसाठी आत गेल्या. मी तिथेच उभी राहिले, हातात नियमांची नवी प्रत घेऊन.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. शेठला दुखलं ते पैशांत, तो दोन वर्षांत दुसरी वाट शोधेल, तेवढा हुशार आहे. खरं लागलं ते तिला. उभ्या आयुष्यात तुझ्या वाट्याला एकदा कोणाकडून मनापासून जे आलं, ते मी तू गेल्यावर दहा दिवसांत तिच्याकडून काढून घेतलं. ती बाई आता जन्मभर समजणार की तिने भरलेली ओटी तुला बोचत होती. तू ते तांदूळ एकेक वेचले होतेस, हे तिला कोणी सांगणार नाही. मीही सांगणार नाही. सांगितलं तर तेरा पोरी नळावर जातील.

तुला काय म्हणायचंय ते मला ऐकू येतंय, तू नाहीस तरी. म्हण. माफी मी नारळाच्या त्या वाक्याबद्दल मागते, ती तुझी बाकी होती. ह्या खोट्याबद्दल मागणार नाही. उद्या तीच सभा पुन्हा भरली, शेठ पुन्हा तसाच फुगून उभा राहिला, तर मी पुन्हा उठेन आणि तेच बोलेन, 'चूक' सकट. फक्त मीनलवहिनीकडे बघणार नाही.